चालेल

(उल्हासनगरातल्या एका कॉलेजची स्टाफरूम, १९८९चा जुलै. कला शाखेत नव्यानं आलेल्या प्रत्येक मुलाशी एखाद्या प्राध्यापकानं बोलावं आणि मगच त्याचे विषय ठरावेत, असं यंदा प्राचार्यांच्या मनात आलं आहे.)

कुंदाआत्या: ...आणि स्वभावानं अगदी गरीब आहे हो. कशाला नाही म्हणायची नाही. तुम्ही द्याल ते विषय घेईल.

नीलिमा: असेल. पण मी तिला विचारत होते. पद्मजा, बारावीपर्यंत सायन्स केलंस. आता आर्ट्सला का यावंसं वाटलं?

पद्मजा: बाबा म्हणाले, आर्ट्स घे.

नीलिमा: आणि तू काय म्हणालीस?

पद्मजा: म्हटलं, चालेल.

कुंदाआत्या: बारावीच्याच वर्षी हिची आई गेली, मॅडम. प्रॅक्टिकल बुडली, मार्क कमी पडले. दादा म्हणाला, आर्ट्स तर आर्ट्स, मुलीच्या जातीला काय. शिवाय सकाळचं कॉलेज. साडेनऊला सुटली की साडेदहापर्यंत बदलापूरला घरात. दादाला दुपारपाळी असते. बाराला पानावर बसतो आणि डबा घेऊन निघतो. तेवढ्यात हिचा स्वयंपाक उरकतो.

नीलिमा: तुम्ही तिथेच राहता?

कुंदाआत्या: आता तिथेच, बदलापुरातल्या मांजर्लीला. आधी अंबरनाथ पूर्वेला होते, माझा शिवणक्लास होता. वेणू म्हणून एक बाई सांभाळते सध्या. वहिनी गेली तशी दादा म्हणाला, तू इकडे ये.

नीलिमा: चालता क्लास सोडून आलात?

कुंदाआत्या: म्हटलं, चालेल. माणसानं माणसाला बघायचं नाही तर काय. बरं, तुमचं बोलणं होऊ द्या. समोरच्या गल्लीत अस्तराचं कापड स्वस्त मिळतं, नुसतं बघून येते. पद्मजा, साडेनऊला सुटतील तेच विषय. लक्षात आहे ना?

पद्मजा: हो.

नीलिमा: गेल्या आत्या. तू या खुर्चीवर ये, इथे पंखा लागतो.

पद्मजा: इथे पण चालेल.

नीलिमा: बरं. तुला कला शाखेची ओळख करून द्यायची असा मला हुकूम आहे. सोमवारपासून तेच करतेय, आता पाठ झालंय. ऐक. मानव्यविद्या म्हणजे माणसानं केलेला माणसाचा अभ्यास. त्यानं दृष्टी विशाल होते, मन सुसंस्कृत होतं आणि विद्यार्थी उद्याचा जबाबदार नागरिक बनतो. कसं वाटतं?

पद्मजा: चालेल.

नीलिमा: मलाही तेवढंच वाटतं. पुढचं सांगू?

पद्मजा: चालेल.

नीलिमा: आणि इथेच थांबले तर?

पद्मजा: तरी चालेल.

नीलिमा: मी रागावत नाहीये हं. पण मघापासून मला तो एकच शब्द ऐकू येतोय. भाषण राहू दे. आपण त्या शब्दाकडेच बघू. तुमच्या घरात 'चालेल' कोण म्हणतं?

पद्मजा: सगळेच.

नीलिमा: सगळे म्हणजे?

पद्मजा: मी. आत्या. आई म्हणायची.

नीलिमा: बाबा?

पद्मजा: बाबा... बाबांना कोण विचारणार? म्हणजे, ते सांगतात. आपण विचारत नाही.

नीलिमा: मग ते काय म्हणतात?

पद्मजा: "हे चालायचं नाही."

नीलिमा: घरात कधी बसून ठरलं होतं का, की बायकांनी हे म्हणायचं आणि बाबांनी ते?

पद्मजा: नाही. असं कोण ठरवतं?

नीलिमा: मग ठरलं कसं?

पद्मजा: माहीत नाही.

नीलिमा: हं. मघापासून पहिल्यांदा वेगळं काहीतरी बोललीस.

पद्मजा: माहीत नाही, हे?

नीलिमा: हेच. आमचं दुकान तिथूनच उघडतं. मी इतिहासाची. मी विचारणार, हे कधीपासून? तुझी आजी काय म्हणायची? समाजशास्त्राचे सर विचारतील, तुमच्या शेजारच्या घरातही तसंच आहे का, आणि असेल तर का. मराठीच्या बाई तर त्या शब्दालाच धरून बसतील. चालेल म्हणजे नक्की काय चालतं आणि कोणाच्या पायांनी चालतं.

पद्मजा: एका शब्दावर एवढं?

नीलिमा: एवढंच आहे आमच्याकडे. यानं नोकरी लागते असं मी सांगणार नाही. तत्त्वज्ञानाचे सर रजेवर आहेत, नाहीतर त्यांनी विचारलं असतं, ज्याला नाही म्हणायची सोयच नाही त्याच्या होकाराला होकार म्हणायचं का.

पद्मजा: याचं उत्तर काय असतं?

नीलिमा: तुला काय वाटतं?

पद्मजा: मला हल्ली काही वाटत नाही, मॅडम.

नीलिमा: कधीपासून?

पद्मजा: आई गेली तेव्हापासून. रडू पण नाही आलं. घर माणसांनी भरलेलं, सगळ्यांचा चहा करायचा होता. मग ती माणसं गेली. मग वाटलं आता येईल. नाही आलं.

नीलिमा: आईला काय झालं होतं?

पद्मजा: पोटात गाठ होती. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन लगेच करून घ्या. बाबा म्हणाले, गणपती तोंडावर आलेत, घरात मूर्ती बसते, पाहुणे येणार. गणपती झाले की करू. आई म्हणाली, चालेल. गणपती झाले. मग पितृपक्ष लागला. त्यात कोणी असलं काही करत नाही. बाबा म्हणाले, नवरात्र बसू दे.

नीलिमा: आणि आई?

पद्मजा: चालेल म्हणाली. नवरात्र बसायच्या आधी गेली.

नीलिमा: हे कोणाशी बोललीस?

पद्मजा: कोणी विचारलं नाही. सगळ्यांना माहीतच आहे ना.

नीलिमा: थोडं पाणी पी.

पद्मजा: नको. मॅडम, एक सांगू? शेजारच्या जनाबाई कैऱ्यांच्या दिवसांत यायच्या. आमच्या दारात झाड आहे. म्हणायच्या, दोन नेऊ का गं? आई म्हणायची, चालेल की. ते पण चालेलच होतं. पण तेव्हा ती हातातलं काम ठेवून उठायची, आणखी दोन पदरात टाकायची. ऑपरेशनच्या वेळी ती भांडी घासत होती. मान वर केली नाही. नुसतं म्हणाली.

नीलिमा: म्हणजे दोन वेगळे शब्द झाले.

पद्मजा: आवाज तोच होता.

नीलिमा: आवाज तोच असतो बऱ्याचदा.

पद्मजा: मी तिथेच होते. मी भांडी विसळत होते. तेव्हा मला नाही कळलं. आत्ता बोलताना कळलं.

नीलिमा: हं.

पद्मजा: तेव्हा कळलं असतं तर?

नीलिमा: तर सगळं वेगळं झालं असतं, असं मी म्हणणार नाही. मला ते माहीत नाही. आणि इथे तीन वर्षं शिकून आई परत भेटते असंही नाही. पण तू म्हणालीस तसं दोन शब्दांतलं अंतर ऐकू यायला लागतं. काहींना. सगळ्यांना नाही, काही जण नुसते पास होतात.

पद्मजा: ऐकू आलं की त्रास होत असेल.

नीलिमा: होतो. कधी कधी काही न वाटलेलंच बरं असं वाटतं. मला वाटतं निदान. इतकी वर्षं शिकवून मीसुद्धा प्राचार्यांच्या त्या भाषणाला चालेलच म्हणाले ना.

पद्मजा: तुम्ही शिकवता तो इतिहास... तो साडेनऊला सुटतो?

नीलिमा: नाही. इतिहास आणि समाजशास्त्र दोन्ही घेतलंस तर एक वाजेल. साडेनऊला सुटणारे विषय दुसरे आहेत. तेही वाईट नाहीत. मी तुला अमुक घे म्हणणार नाही.

पद्मजा: का?

नीलिमा: तू चालेल म्हणशील म्हणून.

पद्मजा: आत्या आली.

कुंदाआत्या: काय बाई गर्दी. तो शेट मला बघून म्हणतो, "दीदी, आप बहुत दिन बाद आयीं." ओळख ठेवलीन त्यानं. झालं का, मॅडम? काय दिलेत विषय?

नीलिमा: तिलाच विचारा.

कुंदाआत्या: काय गं? साडेनऊचे ना?

पद्मजा: आत्या, मी इतिहास घेते. आणि समाजशास्त्र.

कुंदाआत्या: घे की. सुटतं ना साडेनऊला?

पद्मजा: एक वाजतो.

कुंदाआत्या: मग कसं? दादानं काय सांगितलंय? एकला सुटून घरी कधी येणार तू? मॅडम, हिला घरचं सांगता येत नाही, मी सांगते. ते साडेनऊचेच द्या.

पद्मजा: नाही चालणार.

कुंदाआत्या: काय म्हणालीस?

पद्मजा: साडेनऊचे नाही चालणार, आत्या. मला.

कुंदाआत्या: असं कधी बोलली नाही हो ही. मॅडम, तुम्ही काय सांगितलंत हिला?

नीलिमा: काही विशेष नाही. बोलत होतो.

कुंदाआत्या: अगं, दादा भडकेल. त्याचं बाराचं जेवण, त्याचा डबा. कोण बघणार?

पद्मजा: बाबांशी मी बोलेन.

कुंदाआत्या: तू बोलशील आणि ऐकून मला घ्यावं लागेल. बरं, बरं, मी करीन स्वयंपाक. त्यात काय एवढं. आजवर केला नाही का?

नीलिमा: पद्मजा, आत्याच्या हातात काय आहे बघ.

पद्मजा: अस्तर. आत्या, तू नुसतं बघायला गेली होतीस ना?

कुंदाआत्या: स्वस्त मिळालं म्हणून घेतलं.

पद्मजा: एवढं? हे घरातल्या ब्लाउजांपुरतं नाही.

कुंदाआत्या: काही नाही गं. वेणूला तिच्या नवऱ्याबरोबर गावाला जायचंय दिवाळीनंतर. ती म्हणाली, तुम्ही येत असाल तर मी बायकांना सांगून ठेवते, नाहीतर मशिनी विकून टाका. म्हटलं, तू साडेदहाला घरी आलीस की अकरा ते चारपर्यंत मी अंबरनाथला जाऊन येईन, बायकांना तेवढीच वेळ जमते. दादाला अजून बोलले नव्हते.

पद्मजा: मला पण नाही बोललीस.

कुंदाआत्या: तुला काय बोलायचं? तू तर चालेलच म्हणाली असतीस.

पद्मजा: मॅडम, आता?

नीलिमा: मला विचारू नकोस. मी खरंच सांगू शकत नाही.

पद्मजा: मी इतिहास घेतला तर आत्याचा क्लास गेला. नाही घेतला तर...

कुंदाआत्या: अगं, कसला क्लास घेऊन बसलीस. पन्नाशी आली माझी, डोळ्यांना बारीक टाका दिसत नाही. शीक तू. तुझ्या आईला आवडलं असतं. मॅडम, लिहा तिचे विषय, इतिहास आणि ते दुसरं काय ते.

नीलिमा: लिहू का, पद्मजा?

कुंदाआत्या: लिहा हो. मला चालेल.

पद्मजा: थांबा, मॅडम. आत्या, ती पिशवी खाली ठेव. आणि माझ्याकडे बघून सांग, हे कुठलं चालेल?