आतल्या खोलीपर्यंत

(बाळांनो, जरा कल्पना करा. संत तुकाराम नगरातलं दोन खोल्यांचं घर. बाहेरच्या खोलीत इंटरनेटचा राउटर, आतल्या खोलीत टेबलावर कालच आणलेला कॉम्प्युटर. टेबलापाशी तुमच्याएवढी मिनल, तिची आई भाग्यश्री, आणि सुनेच्या मदतीला काळेवाडीहून आलेले मिनलचे आजोबा, भिवा. चेहरे तुमचे तुम्ही रंगवा. आता नुसते कान द्या.)

मिनल: आई, परत तेच झालं! मावशी फोनवर सांगतेय, तिच्या स्क्रीनवर तू तोंड उघडं टाकून थिजलीयस.

भाग्यश्री: हसू नकोस गं. चार वाजता निरंजन सरांचा कॉल येईल. त्यांच्यासमोर अशी थिजले तर झालंच.

भिवा: निरंजन म्हंजे तुझ्या कंपनीतला कॉम्प्युटरवाला?

भाग्यश्री: हो मामा. घरून काम करणाऱ्यांची लाइन तेच तपासतात. आवाज आणि चित्र नीट गेलं, तर सोमवारपासून मी या टेबलावर. नाही गेलं, तर परत चाकणची बस. घरून कामाची जागा एकच आहे आणि मागणाऱ्या आम्ही तिघी.

मिनल: परत बस म्हणजे मी परत एकटी.

भाग्यश्री: मिनल, ते आत्ता कशाला?

मिनल: खरं तेच सांगतेय. शाळेतून येते, चावीनं दार उघडते, तेव्हा घरात कुणी नसतं. मग मी टीव्ही लावते. बघत नाही. नुसता आवाज असावा म्हणून.

भिवा: हे मला कुणी बोललं न्हाई कधी.

भाग्यश्री: मलासुद्धा आत्ताच कळतंय, मामा.

भिवा: बरं. मंग आज ही लाइन चालायलाच पायजे.

भाग्यश्री: ज्यानं कॉम्प्युटर दिला, त्या गणराजच्या दुकानात जाऊन येऊ का? सकाळी फोनवर म्हणाला, तुमच्या भिंती जाड असतील, वायफाय लांब पोचवणारा एक बूस्टर घेऊन जा. रिक्षानं गेले तर चारच्या आत परत येईन.

भिवा: बस खाली. आदी बिघाड शोधायचा, मंग बाजाराला जायचं.

मिनल: मी तेव्हाच म्हणत होते, तो लाल-निळ्या दिव्यांचा कॉम्प्युटर घ्या. तो फास्ट असतो.

भिवा: दिव्यांनी फास्ट व्हायचं असतं, तर लग्नाचा मांडव कधीच उडून गेला असता! ह्यो जुना हाय, हापिसातनं निघालेला. पन गणराजनं आत डिस्क नवी टाकलीया, मेमरी वाढवलीया. तुझ्या आईला माल पुरवणाऱ्यांशी बोलायचंय आन हिशेब भरायचेत. तेवढ्याला ह्यो दांडगा हाय.

मिनल: मग थिजतो का?

भिवा: हां, आता बोललीस. कंपनीत मशीन बंद पडलं ना, की आमी चौघं चार ठिकाणी हात घालायचो. चालू झालं तरी कशानं चालू झालं, ते कुणालाच कळायचं न्हाई. दुसऱ्या दिवशी परत बंद. तवापासनं मी शिकलो, एका वेळी एकच गोष्ट बदलायची. सांग बरं, तुझा संशय कुणाकुणावर हाय?

मिनल: कॉम्प्युटरवर. त्याला मागं लावलेल्या वायफायच्या डोंगलवर. बाहेरून येणाऱ्या लाइनवर. आणि भिंतीवर.

भिवा: चार आरोपी. पैला कॉम्प्युटर. त्याला कसं तपासशील?

मिनल: उघडून?

भिवा: न उघडता.

मिनल: न उघडता... त्याच्या जागी दुसरं काहीतरी ठेवून! आई, तुझा फोन दे. हा बघा, टेबलावर बरोबर तिथंच ठेवला. नेट आपलंच.

भिवा: काय म्हनतो फोन?

मिनल: सिग्नलची एकच काडी. आता तीपण गेली.

भिवा: मंग कॉम्प्युटर?

मिनल: सुटला! आणि डोंगलपण सुटलं, कारण फोनला ते लागतच नाही.

भाग्यश्री: म्हणजे लाइनच खराब. थांबा, मी तक्रार लावते.

भिवा: दमानं घे पोरी. मिनल, फोन घेऊन भायेर जा. राउटरच्या पेटीपाशी उभी ऱ्हा.

मिनल: आजोबा, इथं पळतंय! पेटीला फोन टेकवला की मस्त. दोन पावलं मागं आले की मरगळतं.

भिवा: म्हंजे लाइन घरापत्तुर येतीया. सुटली. आन तिथं हायेस तर बघ, पेटीचं दार नीट बसलंय ना?

भाग्यश्री: मामा, तुमच्या पेटीत मुंगीला शिरायचं असेल तरी परवानगी काढावी लागेल.

भिवा: मंग! माझ्या दोस्ताच्या, चिमाजीच्या वर्कशॉपमधला पत्रा हाय. मी सोता वाकवला, त्यानं पावडर कोटिंग मारून दिलं. अर्थिंगसुद्धा दिलंया. उभा जलम कंपनीत विजेची पॅनेल बसवली, एक उघडं सोडलं न्हाई. धूळ, पाली, पोरांचे हात, सगळ्यांपासनं जपायचं. मंग घरच्या मशीनला उघडं ठेवीन व्हय?

भाग्यश्री: सुरेखच झालीय, मामा. येईल तो विचारतो, कुठून घेतली.

मिनल: राहिली भिंत.

भाग्यश्री: तेच गणराज म्हणत होता. मी निघते.

मिनल: आई, थांब ना. मी परत आतल्या खोलीत आलेय. फोनमध्ये अजून एक नाव दिसतंय. "सोजरा होम". हे शेजारच्या सोजराबाईंचं ना?

भाग्यश्री: त्यांचंच. त्याचं काय?

मिनल: त्याला तीन काड्या आहेत.

भाग्यश्री: असू देत की. आपल्याला त्यांचं वापरायचं नाहीये.

मिनल: वापरायचं नाहीच. पण बघ ना, ते त्यांच्या घरातून निघालं, मधली जाड भिंत ओलांडली, आणि इथं आलं. आणि आपलं आपल्याच घरातली ही बारकी भिंत ओलांडत नाही?

भिवा: त्यांचं मशीन मोठं आसंल.

भाग्यश्री: नाही मामा. दोघींकडं एकाच माणसानं एकाच दिवशी बसवलं. अगदी सारखं आहे. त्यांचं फ्रिजवर ठेवलेलं असतं, मी वाटी द्यायला गेले की दिसतं.

भिवा: मंग भिंत?

मिनल: सुटली.

भिवा: चारी आरोपी सुटले. आन गुन्हा तर झालाय. मंग ऱ्हायलं काय?

मिनल: काही नाही.

भिवा: काही न्हाई कसं? त्यांचं न् आपलं मशीन एक, भिंत त्यांच्याच वाट्याला जाड. फरक कशात हाय?

मिनल: आई, तू बूस्टरच घेऊन ये.

भिवा: मिनल. तू ओठ चावायलीस. तुझा बापबी लहानपणी असाच चावायचा, उत्तर येत असताना.

मिनल: तुम्हाला वाईट वाटेल.

भाग्यश्री: मिनल, पुरे. आजोबांनी किती हौसेनं...

भिवा: बोलू दे तिला. मशीनचा बिघाड लपवला की मशीन जातं, पोरी.

मिनल: ताथवड्याला मावशीच्या सोसायटीत लिफ्ट आहे ना, तिचं दार बंद झालं की आईचा फोन कट होतो. दरवेळी. दार उघडलं की परत लागतो. आणि लिफ्ट पत्र्याची असते.

भिवा: हं.

मिनल: आणि सोजराबाईंच्या राउटरवर पत्रा नाही.

भिवा: हं.

भाग्यश्री: मामा, लेकरू आहे, काहीतरी बोलतंय. तुम्ही मनावर घेऊ नका.

भिवा: लेकरानं बरोबर तपास केलाय आन तू म्हनतीस काहीतरी बोलतंय? चल मिनल. पैलं नुसतं दार उघडू. पेटी काढायची न्हाई. का?

मिनल: एका वेळी एकच.

भिवा: शाब्बास. हे उघडलं. आता आत जा, टेबलापाशी.

मिनल: दोन काड्या!

भिवा: तिथंच ऱ्हा. आता मशीनच भायेर काढतो. भाग्यश्री, जरा ही वायर धर. हां. सोड. मिनल, आता?

मिनल: थांबा, अजून चढतायत.

भिवा: अगं बोल की!

मिनल: भरल्या! सगळ्या भरल्या! आई, मावशीला लाव!

भाग्यश्री: लावते, लावते. हॅलो ताई? दिसतेय का? हलतेय? तोंड मिटलंय ना माझं? बाई गं! मामा, ती म्हणतेय माझ्या कानातलेसुद्धा दिसतायत!

मिनल: आजोबा, पेटीकडंच काय बघताय? रागावलात?

भिवा: रागावू कशापायी? मी बघतोय, मी किती मन लावून चुकलो ते. कंपनीच्या पॅनेलमधी भायेरचं काही शिरू नये, म्हनून पेटी. आन ह्या बिचाऱ्याचं सगळं काम भायेर जायचं. मी त्याला जपायला गेलो न् कोंडून ठेवलं.

मिनल: मी सांगायलाच नको होतं.

भिवा: सांगितलं नसतंस तर तुझी आई बूस्टर आणायला गेली असती, आन मी त्यालाबी पेटी बनवली असती!

भाग्यश्री: मामा, हसवू नका, फोन वाजतोय. निरंजन सर. चार वाजले? मिनल, पंखा बंद कर. नको, राहू दे. कर, कर.

भिवा: आमी दोघं भायेर बसतो. तू शांतीनं बोल.

भाग्यश्री: नमस्कार सर. हो, घरूनच. दार लावलंय, आवाज नाही येणार. हो, बोला... दिसतंय सर, तुमचं पण स्पष्ट आहे... फाइल उघडते. उघडली. ही घ्या... काय म्हणालात? नाही सर, मोठं काही नाही घेतलं. राउटर जरा मोकळ्यावर ठेवला... हो. हो, चालेल. सोमवारी? नक्की सर. नक्की. ठेवते.

मिनल: काय म्हणाले? आई, काय म्हणाले?

भाग्यश्री: थांब, श्वास घेऊ दे.

भिवा: पानी दे गं तिला.

भाग्यश्री: म्हणाले, चाकणच्या ऑफिसपेक्षा इथून आवाज बरा येतोय. सोमवारी नऊला सुरू करा.

भिवा: चला. सुटलो बाबा. तू रडतीस का हसतीस?

भाग्यश्री: काय माहीत, मामा. सकाळपासून काही खाल्लंच नाही. आता भूक लागलीय एकदम.

भिवा: मंग चा टाक आन कायतरी खा. मी तवर हितं उंचावर लाकडाची फळी मारायचं माप घेतो. पुढल्या आयतवारी भिंतीच्या कडेनं कॉम्प्युटरपत्तुर वायर टाकू. आज हवेतनं पोचतंय, पन रोजच्या कामाला वायर बरी. मिनललाबी शिकवतो. कुठं गेली ती?

भाग्यश्री: आत्ता इथंच होती. मिनल!

भिवा: दाराची बेल वाजली बघ.

भाग्यश्री: आता कोण आलं? सोजराबाई असतील... अगं मिनल, तू? बाहेर काय करतेस? आणि चावी तर हातातच आहे की तुझ्या.

मिनल: आहे. तरी वाजवली. सोमवारी कसं वाटेल, ते बघत होते.