तारेचा ब्रश

डोंबिवलीत कान-नाक-घशाच्या दवाखान्यात माझ्या शेजारी एक सासरे आणि त्यांची सून बसले होते. सुनेच्या घशातून नुकतीच काढलेली बारीक तार सासऱ्यांनी कागदाच्या पुडीत जपून धरली होती.

“योगिनी, ही माझ्याच ब्रशची गं.”

“बाबा, बार्बेक्यूची जाळी कुठल्या ब्रशने घासलीत?”

“गेटचा गंज काढायच्या. पण जाळी कशी चकचकीत झालेली!”

“हो ना. तार पनीरला चिकटलेली दिसलीच नाही.”

“रिटायर झाल्यापासून घरात तेवढं एकच काम माझ्याकडे होतं. आता सुमती चमचासुद्धा विसळू देणार नाही.”

“आईंना सांगू, माशाचा काटा अडकला.”

“पनीरमध्ये?”

“अरे हो.”

“तीस वर्षं शाळेत पोरांच्या थापा पकडल्यात तिने.”

“मग खरंच सांगू. पण रविवारी जाळी तुम्हीच घासायची.”

“मी? परत?”

“आई डोशाच्या तव्यावर अर्धा कांदा फिरवतात ना, तसाच गरम जाळीवर फिरवायचा. गार झाली की ओल्या फडक्याने पुसायची. ब्रश गेटलाच ठेवा.”

“बरं. पण पहिला तुकडा मी खाणार. तुम्ही सगळ्यांनी तासाभराने बसायचं.”