दोरीच्या मापाची गिटार

वाद्यांच्या दुकानात मी तारा बसवून मिळायची वाट बघत होतो. काउंटरपाशी एक ट्रक ड्रायव्हर बायकोला घेऊन उभा होता.

"छोटी गिटार दाखवा. ट्रकमध्ये सीटमागच्या फळीवर मावली पाहिजे. ही बघा, मापाची दोरीच आणलीय."

"ह्या दोन्ही मावतील. हिचा आवाज भरदार आहे आणि ही जरा स्वस्तातली."

"स्वस्तातलीच द्या. मला कुठे मैफल गाजवायचीय? तीन गाणी येतात मला."

"अडीच," बायको म्हणाली.

"बरं, अडीच."

"अहो, थांबा. महिन्यातले वीस दिवस मी ती फोनवरच ऐकणार ना? मी बाहेर जाऊन फोन लावते. दोन्ही वाजवून दाखवा."

"अगं, लोक हसतील."

"हसू देत."

ती रस्त्यावर गेली. फोन आला, तसा त्याने तो स्पीकरवर टाकून काउंटरवर ठेवला आणि आधी भरदार गिटार वाजवली.

"कशी आहे?"

"छान आहे, पण नुसती घुमतेय. कोणीही वाजवत असेल असं वाटतं. दुसरी घ्या."

त्याने तेच गाणं स्वस्त गिटारवर पहिल्यापासून वाजवलं.

"आलं का ऐकू? अगं, बोल की!"

"आलं. चुकलात तुम्ही."

"कुठे?"

"नेहमीच्याच जागी."

"मग आता?"

"आता काय, हीच घ्या."