चष्मा लावून निवडलेला ग्रॅनोला

सुरतेच्या एका दवाखान्यात सुलभाताई रिपोर्टसाठी थांबल्या होत्या. शेजारच्या बाकावर सासू-सून येऊन टेकल्या. सुनेच्या धापा टाकणाऱ्या छोट्या लेकीला, अन्वीला, नुकतंच आत नेलं होतं.

“आई, नीट आठवा. डॉक्टर विचारतायत, काय खाल्लं तिनं?”

“तुमचा तो ग्रॅनोलाच. सकाळी मीच भाजला.”

“शेंगदाणे घातले?”

“जयश्री, तिला दाणे चालत नाहीत हे मला माहीत नाही? कढईसुद्धा दोनदा घासली.”

“मग काय घातलं?”

“ओट्स, बदाम, तीळ, मध. मोबाइलमधल्या बाईनं सांगितलं तस्संच. फक्त तिचं खोबरेल नाही घातलं.”

“का?”

“खोबरेल डोक्याला लावतात गं. लेकराच्या पोटात कशाला? मी पारोळ्याहून आणलेलं घातलं. घाण्याचं, शुद्ध.”

“आई, ते तेल दाण्याचं आहे.”

जयश्री डॉक्टरांकडे धावली. थोड्या वेळानं आतून अन्वीचं मोठ्यानं रडणं ऐकू आलं.

“रडतेय म्हणजे श्वास येतोय, मावशी,” सुलभाताई म्हणाल्या.

“चष्मा लावून निवडलं होतं हो ताई. एकही दाणा नव्हता त्यात.”