वरच्या हिरडीतला दात

डावा हात आधी घाला, आके. हं, आता उजवा. हा मानाचा झगा, चापान, बाह्यांना जरा आखूड झाला, पण दिलाय मनापासून. बसा.

अध्यक्षस्थानी असलेल्या आमच्या संस्थाप्रमुख प्राध्यापिका आणि आम्हा सगळ्यांच्या थोरल्या ताई सायकाल एजे, व्यासपीठावरील मान्यवर, ओश शहरातून आलेले पाहुणे, आणि ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो ते आमच्या प्राणिगृहाचे थोरले दादा कादीरकुल आके,

एकवीस वर्षं आकेंनी आमच्या मेंढ्या सांभाळल्या. मेंढीचा ओठ अंगठ्याने खाली ओढायचा आणि वय सांगायचं: दोनदाती, चारदाती, सहादाती. नोंदवहीचं आणि आकेंचं जुळलं नाही, तर आम्ही नोंदवही दुरुस्त करायचो.

आपल्याकडे मुलाचा पडलेला दुधाचा दात, नवा बळकट यावा म्हणून, चरबीत गुंडाळून कुत्र्याला देतात. तो आम्ही मागू लागलो. आईबाप विचारत, मग कुत्र्याला काय देऊ? आके सांगत, चरबी द्या, त्याला दाताशी काय करायचंय? त्या दाताच्या गाभ्यातल्या मूळपेशी वाढवायच्या, हाडात विरघळून जाणाऱ्या सच्छिद्र जाळीवर रुजवायच्या, जाळी जबड्यात बसवायची. तिथे नवा दात यावा, एवढीच आमची इच्छा. कोकरांच्या दातांतल्या पेशी घेऊन मेंढ्यांवर हेच केलं.

अकरा नंबरच्या मेंढीला जाळी खालच्या जबड्यात बसवली होती, अगदी मागे. दात आला. सुंदर आला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या.

गेल्या सोमवारी आके माझ्या दाराशी आले. म्हणाले, "डॉक्टर, अकराच्या वरच्या हिरडीत पुढे काहीतरी टोचतंय." मी म्हटलं, काडी अडकली असेल. ते म्हणाले, "काडी रोज वाढत नाही."

मेंढीला वर, पुढे, दात नसतात. कुठल्याच मेंढीला नसतात. तिथे आम्ही काही पेरलं नव्हतं. मग मागच्या जाळीतल्या पेशी तिथवर गेल्या कशा? आणि वाटेत आणखी कुठे कुठे थांबल्या? काल मी स्वतः बोट फिरवून पाहिलं. तीन आहेत.

सायकाल एजेंना सांगितलं. त्या हसून म्हणाल्या, जास्तीचे दात म्हणजे बक्षीसच की. वर म्हणाल्या, बावीस मेंढ्यांतली ही एक, आणि आकेंचा अंगठा अहवालात लिहिता येत नाही. क्षमा करा एजे, हे बंद दाराआडचं बोलणं होतं.

उद्या सकाळी नऊ वाजता तोतुयाची शस्त्रक्रिया आहे. माणसांत जाळी बसवायची ती हिलाच पहिल्यांदा. वय एकोणीस. घोड्यावरून पडून पुढचे दोन दात गेले, तेव्हापासून तोंडावर हात धरून बोलते. आज दुपारी तिला मी सगळं सांगितलं. अकरा नंबरचंही. ती म्हणाली, "मी काय मेंढी आहे का, डॉक्टर? दोन महिन्यांनी लग्न आहे माझं. मला हात खाली ठेवून हसायचंय."



म्हणून इथे बोलतो. ती जाळी माझ्या हातून बसणार नाही. अकराचा जबडा उघडून पाहीपर्यंत थांबावं, अशी अध्यक्षांना या सभेसमोर विनंती करतो.

जेवण थंड होत असतानाही ऐकून घेतलंत, आभारी आहे. आके, तुमच्या निरोपाच्या दिवशी हे बोलायला नको होतं. काही अधिकउणं झालं असेल तर सभेने ते माझ्या नावावर ठेवावं, आकेंच्या नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता तोतुयाची शस्त्रक्रिया ठरल्याप्रमाणे झाली. जाळी सायकाल एजेंनी स्वतः बसवली.