मुर्मेलला शिव्या

उर्सिना : थांबा, थांबा! दार वाजवू नका. मुर्मेल चाकूचं कौतुक करायला आला असाल, तर बाबा तोंडावर दार लावून घेतील.

युर्ग : करणारच कौतुक! लष्करी चाकूत चौदा अवजारं बसवणारा माणूस आहेत तुमचे बाबा! अहो, थुनहून तीन गाड्या बदलून आलोय. माझ्या मुर्मेलची स्प्रिंग तुटलीय. सोमवारी माझी लेक लष्करात जातेय, तिला हाच न्यायचाय.

उर्सिना : तिथे नवा देतील की तिला.

युर्ग : नव्याने सॉसेज कापून नाही ती मोठी झाली! आणि तुमच्या बाबांनी मुर्मेल करणंच बंद केलं, दुसरा आणू कुठून?

उर्सिना : मग शिव्या घाला.

युर्ग : कुणाला?

उर्सिना : आधी मुर्मेलला, मग बाबांना. त्याशिवाय ते हात लावायचे नाहीत. करा सराव.

युर्ग : हं... जरासा जड आहे.

उर्सिना : शी! माझी आत्या चर्चमध्ये याहून वाईट बोलते.

युर्ग : बरं! करवत उघडली की कॉर्कस्क्रू न बोलावता बाहेर येतो!

उर्सिना : आता कसं!

युर्ग : खिशात ठेवला की पँट घसरते! एकदा तर सासूबाईंसमोर!

उर्सिना : (पोट धरून हसत) अगं आई गं! आता बाबांवर या.

युर्ग : या माणसाने जन्मात सॉसेज भाजलं नसणार! भाजण्याआधी त्याच्या टोकांना फुलीसारखी चीर द्यायला पातं उघडावं, तर आधी अंगठाच कापतो! हा बघा वण!

गाउडेन्त्स : कोण बोंबलतंय माझ्या दारात?

युर्ग : मेलो.

उर्सिना : बाबा, हे मुर्मेलला नावं ठेवतायत.

गाउडेन्त्स : अंगठा दाखवा. हं. उर्सिना, तुझा? आणि हा माझा.

युर्ग : अरे देवा! तिघांनाही एकाच जागी वण!

गाउडेन्त्स : म्हणजे वापरलात. बाकीचे काचेच्या कपाटात ठेवतात आणि इथे येऊन मला ओवाळतात.

युर्ग : मग बंद का केलात?

गाउडेन्त्स : हिची आई रोज सकाळी उठून त्याला शिव्या घालायची. त्या ऐकून मी सुधारणा करायचो. ती गेली, आणि नुसतं कौतुक उरलं. हातच चालेना.

उर्सिना : बाबा... यांची स्प्रिंग.

गाउडेन्त्स : आणा इकडे. तू विस्तव कर, सॉसेज आण.

युर्ग : मी आपला गप्प बसतो कोपऱ्यात.

गाउडेन्त्स : नको, नको. ते पँटचं काय म्हणत होतात? बोलत राहा.