पिल्लांची खेकडीण

— चिठ्ठ्यांकडं बघू नका दादा, खेळायचा पत्ता बघा. शुद्धलेखनाची बोंबच हाय माझ्या, आन् शब्दबी साधेच, आठवीत शाळा सुटली ना. पत्त्यावरचं इंग्रजी माझा दोस्त नवाज वाचायचा, अर्थ सांगायचा, मी चिठ्ठीवर लिहून पाकिटात पत्त्यामागं सरकवायचो. बसा बाकड्यावर, पंक्चर काढतोच. एवढ्या लांब कुरवंड्याला, तेबी एका पत्त्यासाठी — वळखलं, वळखलं तुमाला. पुण्याच्या स्पर्धेत शेवटच्या डावाला समोर तुमीच होता. चिंचोके बघून हसलता. व्हय, फोनवर पत्ता देतो म्हणलं खरं.

चिंचोके म्हंजे पिल्लं. ही पत्त्यावरची खेकडीण टेबलावर असली का दर पाळीला दोन पिल्लं घालते, त्यांच्या जागी कायतरी ठेवावं लागतं. लोकं चकचकीत मणी ठेवतात, आमी चिंचोके. सगळा डेक, म्हंजे पत्त्यांचा जोड आमचा, खेकड्यांचाच. बाकीचे ड्रॅगन जमवतात — नवाजला एक घावलता, सोन्यासारखा चमकायचा, तो देऊन त्यानं ही आणली. म्हणलं, येडा हाईस का? तर म्हणतो, "पज्या, ड्रॅगन कुणाच्या बापानं बघितलाय? खेकडा चावलाय तरी." हे त्याच्याच अब्बांचं गॅरेज, युनूसचाचांचं. मी कामाला. दुपारी गिऱ्हाईक नसलं का डेक पिसायचा, अर्धा त्याला, अर्धा मला, आन् टायरवर फळी टाकून खेळायचं. दोघांत डेक एकच ना.

काय? — आठवतंय की. तुमचा एकच प्राण उरलता. माझे बाकीचे खेकडे अडकलेले, खेकडीण तेवढी मोकळी. पाठवली असती तर तितंच संपत होतं. तुमी इचारलं, "हल्ला?" मी म्हणलं, न्हाई. तुमाला वाटलं ह्याला खेळता येत न्हाई. येतं दादा. आमचे आबा ओढ्याला खेकडं धरायचे, नवाज न् मी पिशवी धरायला. एखादी घावली का आबा तिला उताणी करून बघायचे, पोटाखाली पिल्लं दिसली का परत दगडाखाली सोडायचे. मग पत्त्यांतबी आमचा तोच नेम. पिल्लांची खेकडीण लढायला पाठवायची न्हाई. पुस्तकात तसा नियम न्हाई, ठावं हाय मला. तुमच्यासमोर हात गेलाबी होता पत्त्यावर. उचललाच न्हाई.

रागावला? नवाज? परतीच्या लोकलला घोरावाडी स्टेशन येईस्तोवर दारातच उभा राहिला. मग म्हणतो, "पाठवली असतीस ना, हितंच खाली ढकलला असता तुला." आन् भेळेचा पुडा म्होरं केला.

न्हाई, तो नसतो आता. कुटं गेला म्हंजे — न्हाईच तो. दिवाळीनंतर ताप आला, दवाखान्यात नेला, तितनं आणला तो तसाच. सॉरी कशाला, तुमी काय केलंय? रडलो का, सगळे हेच इचारतात. न्हाई रडलो. त्याची अम्मी, खतीजाचाची, रडल्या. मी माती दिली, हात धुतले. हात धुतल्यावर म्होरं काय करायचं ते कळंना, एवढंच झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शटर उघडलं. झाडून घेतलं. डेक पिसला, अर्धा फळीच्या तिकडं, अर्धा हिकडं. त्याची पाळी मीच खेळायचो, माझी मी. खेकडीण त्याच्याकडं गेली. बसून राहिली ती. मग मीबी कायच पाठवलं न्हाई. पाळी त्याची, दोन चिंचोके. पाळी माझी, काय न्हाई. पाळी त्याची, दोन चिंचोके. फळीवर त्याच्या बाजूला जागा उरंना, माझ्या बाजूला यायला लागले. युनूसचाचा कवा येऊन उभे राहिले काय म्हाईत. बघितलं त्यांनी सगळं. म्हणाले, "पज्या, हवा भर बाबा. गाडीवाला थांबलाय." उठलो. भरली.

— झालं तुमचं चाक. दाबून बघा. न्हाई दादा, तो न्हाई द्यायचा पत्ता. म्हणलो असंल फोनवर. ठेवा खाली. हळू — चिंचोका पडला बघा, पायापाशी. द्या हिकडं.

निघा आता.